पुणं का मुंबई? आधी हिंजवडी का ऐरोली ते बोला

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्या साताऱ्यात घराघरात एकच भांडण चालू असतं, पोरगं इंजिनीअर झालेलं असतं नाहीतर बीकॉम होऊन कुठंतरी चिकटायच्या बेतात असतं, आई म्हणते पुणं, चुलता म्हणतो मुंबई, आणि बाप पेपरात तोंड घालून बसतो. यंदा हे भांडण आमच्या ताईच्या घरात आलं. भाच्याला दोन ऑफर आल्या, एक मुंबईची एक पुण्याची, मुंबईची पगाराला जरा बरी. भाचा म्हणाला, मामा तुम्ही दोन्हीकडं राहिलाय, तुम्हीच सांगा. खरं आहे, मी मुंबईत (म्हणजे खरंतर कोपरखैरण्यात) चार वर्षं काढली आणि पुण्यात (म्हणजे खरंतर धनकवडीत आणि शेवटी अजून पलीकडं) नऊ, मग कंटाळून परत साताऱ्यात गोडोलीत येऊन बसलो.

आता त्या वरच्या वाक्यातले कंस बघा. मला जे सांगायचंय ते सगळं त्या कंसातच आहे.

भाच्याला म्हटलं, ऑफर लेटर काढ आणि पत्ता वाच. मुंबईच्या ऑफरवर पत्ता होता ऐरोलीचा. पुण्याच्या ऑफरवर हिंजवडीचा. म्हणजे एक नोकरी मुंबईत नाही आणि दुसरी पुण्यात नाही! ऐरोली येते नवी मुंबई महानगरपालिकेत, जी १९९२ साली सुरू झाली आणि मुंबई महापालिकेशी तिचा काडीचा संबंध नाही, पाणी वेगळं, घरपट्टी वेगळी, आयुक्त वेगळा. आणि हिंजवडी तर अशी गंमत आहे की एवढं मोठं आयटी पार्क होऊनसुद्धा कित्येक वर्षं तिथं ग्रामपंचायतच कारभार बघत आलीय, ना पुणे मनपा ना पिंपरी-चिंचवड. तर "पुणे का मुंबई" हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो असं माझं म्हणणं आहे, कारण आपण ज्याला मुंबई म्हणतो तो एक मोठा पट्टा आहे, नकाशावर त्याला मुंबई महानगर प्रदेश म्हणतात, त्यासाठी १९७५ ला एमएमआरडीए (अख्ख्या पट्ट्याचं नियोजन बघणारी सरकारी संस्था) काढली, आणि त्यात एक नाही तब्बल ९ महानगरपालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. पुण्याला तशी पीएमआरडीए यायला २०१५ उजाडलं, म्हणजे ४० वर्षांनी, आणि तिच्या हद्दीत दोन महानगरपालिका, तीन कँटोन्मेंट आणि मग ढीगभर गावं. हा ४० वर्षांचा फरक लक्षात ठेवा, पुढं पाण्याच्या टँकरपाशी तो परत येणार आहे.

आकाराचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख, पुणे शहराची ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख. त्यानंतर जनगणना झालेली नाही त्यामुळं आत्ताचा आकडा कुणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे एवढं समजायचं.

पण आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा, म्हणजे शहर दिसतं कसं ते. मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली एक चिंचोळी पट्टी, दक्षिणेला टोक, तिथं जुनी ऑफिसं, बंदर, बाजार, आणि माणसं राहायला उत्तरेला सरकत सरकत गेली. एक बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधोमध बोरिवलीचं नॅशनल पार्क, १०० चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे वाढायला जागाच नाही, फक्त लांबायला आहे. अशा लांबट शहराला रेल्वे फिट्ट बसते कारण सगळ्यांना एकाच रेषेवर जायचं असतं, सकाळी खाली संध्याकाळी वर. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तेव्हापासून शहर त्या रुळांच्या मागं मागं गेलं. म्हणून मुंबईत पत्ता विचारला की माणूस स्टेशन सांगतो, आणि पुढचा प्रश्न येतो ईस्ट का वेस्ट.

पुणं तसं नाही. पुणं म्हणजे बैलगाडीचं चाक. मध्ये पेठा, आणि बाहेर आरे निघाल्यासारखे रस्ते, आपला सातारा रोड, मग सोलापूर रोड, नगर रोड, नाशिक रोड, मुंबई हायवे, पौड रोड, सिंहगड रोड. आधी सगळ्यांचं काम मधल्या तुंब्यात असायचं तोवर ठीक होतं, सायकलवर माणसं जायची. पण नंतर कामं गेली चाकाच्या धावेवर, हिंजवडी एका टोकाला, खराडी-मगरपट्टा दुसऱ्या, चाकण तिसऱ्या, रांजणगाव तर चाकाच्याही बाहेर. आता एका आऱ्याच्या टोकाला राहणारा माणूस दुसऱ्या आऱ्याच्या टोकाला कामाला जातो, आणि असा जायला ना रेल्वे ना धड बस, मग काय, मारा किक. पुण्यात गाड्यांची संख्या माणसांच्या पुढं गेली अशा बातम्या २०१८ ला आल्या होत्या ते उगीच नाही. पुणेकरांना गाडी उडवायची हौस आहे म्हणून ते झालं असं नाही, शहराच्या आकारानंच त्यांना गाडीवर बसवलं.

यात आपल्या सातारकरांची एक खास चूक आहे, मी पण केली म्हणून हक्कानं सांगतो. आपण पुण्यात गेलो की आपल्या गावाच्या तोंडाशी राहतो. कात्रज, धनकवडी, आंबेगाव, नऱ्हे, इकडं सातारा-सांगली-कोल्हापूरवाल्यांचीच वस्ती जास्त, तसे नगरवाले नगर रोडला आणि सोलापूरवाले हडपसरला. कारण काय तर स्वारगेट जवळ, शनिवारी विनाथांबा पकडली की झालं, शिवाय गल्लीत कुणीतरी ओळखीचं असतंच. पण नोकरी हिंजवडीत असेल तर हे म्हणजे कोरेगावात राहून मेढ्याला दूध घालायला जाण्यासारखं आहे. कात्रज ते हिंजवडी बायपासनं पंचवीस-तीस किलोमीटर, नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड, प्रत्येक ठिकाणी तुमची परीक्षा. मी केलंय हे. सकाळी साडेसातला निघालो तर पाऊण-एक तास आणि साडेआठला निघालो तर दीड, आणि पाऊस पडला तर मग भगवान शंकराला माहिती. मुंबईत माणूस विचारतो घर किती लांब आहे, पुण्यात विचारायचं तू निघतोस किती वाजता.

आता याच्या उलट ऐरोली. भाचा घणसोलीला राहिला तर मध्ये फक्त रबाळे स्टेशन, ट्रान्स-हार्बर लाईन, ठाणे-वाशी-पनवेल. चालणं-बिलणं धरून अर्धा-पाऊण तास. आता साधा हिशोब करा, रोज जाऊन-येऊन दोन तास वाचले तर महिन्याच्या २२ दिवसांत ४४ तास, म्हणजे जवळजवळ दोन दिवस आणि दोन रात्री माणूस रस्त्यावर असण्याऐवजी घरात असतो. हे कुठल्या ऑफर लेटरमध्ये लिहून येत नाही. पण थांबा, लगेच मुंबई जिंकली असं म्हणू नका, कारण हाच भाचा ऐरोलीच्या ऐवजी नरिमन पॉइंटला लागला असता आणि घर परवडतं म्हणून बदलापूरला राहिला असता तर हा सगळा हिशोब उलटा पडला असता. लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत एक शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातल्या देवघरासमोरची जागा. त्यात सोळा माणसं. रोज. तरी पण सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं आणि महिन्याचा पास पेट्रोलच्या दोन टाक्यांपेक्षा स्वस्त पडतो, आणि बायका रात्री उशिरासुद्धा लेडीज डब्यातून बिनधास्त येतात, ही सोय पुण्यात नाही म्हणजे नाही.

पुण्यात मेट्रो आली की, असं म्हणाल. आली, मार्च २०२२ ला पहिला टप्पा, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली, त्यामुळं आता सातारची एसटी सोडून खाली उतरलं की थेट पिंपरीपर्यंत जाता येतं, हे आमच्या वेळी असतं तर मी कदाचित परत आलोच नसतो. हिंजवडीसाठी माण ते शिवाजीनगर अशी २३ किलोमीटरची वेगळी लाईन आहे. पण मेट्रो सुद्धा चाकाच्या आऱ्यावरूनच जाते, धावेवरून नाही, हे ध्यानात ठेवा.

आता घराकडं येऊ. मुंबई महाग का, तर जागा नाही हे एक कारण झालं, दुसरं म्हणजे १९४७ चा भाडे कायदा, त्यानं जुनी भाडी गोठली, मालकाला इमारत दुरुस्त करण्यात राम राहिला नाही आणि भाड्यानं द्यायला नवीन घरं बांधण्यात तर अजिबात नाही. म्हणून पगडी (घरात शिरताना मालकाला एकदम द्यायची मोठी रक्कम), म्हणून मोडक्या चाळी. पण नवी मुंबईची गोष्ट वेगळी. १९७० साली सिडको ही नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, तिनं ९५ गावांची जमीन घेतली (शेतकऱ्यांनी त्यासाठी लय सोसलंय, १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, ते विसरून सेक्टर-सेक्टर म्हणत हिंडू नये), आणि आधी आखणी केली, रस्ते, नाले, स्टेशनची जागा, मग बिल्डिंगा. पुढं नवी मुंबई पालिकेनं तर स्वतःचं मोरबे धरण घेतलं. आणि पुण्याच्या कडेला काय झालं? आधी शेत, मग शेतात बिल्डिंग, मग बिल्डिंगीत माणसं, मग माणसांच्या गाड्या, मग ते गाव पालिकेत, २०१७ ला ११ गावं, २०२१ ला अजून २३, आणि मग पालिका म्हणते आता बघतो पाईपलाईनचं. ते वरचे ४० वर्षं इथं भेटतात.

माझं शेवटचं पुण्यातलं घर असंच होतं. जागा सांगत नाही, मालकाचं नाव तर नाहीच. जाहिरातीत लिहिलं होतं चोवीस तास पाणी, आणि ते खोटं नव्हतं हो, बोअरचं पाणी होतं, चोवीस तास यायचं, फक्त फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून टँकर. मेंटेनन्स अडीच हजार, टँकरचा वाटा वेगळा, मे महिन्यात तो वाटा मेंटेनन्सच्या पुढं गेला. आमची मंडळी म्हणाली, कासचं पाणी सोडून आपण इथं टँकरची वाट बघतोय, डोकं ठिकाणावर आहे का? तिथून परत यायचं बीज पडलं.

म्हणून पुण्यात घर बघताना मालकाला पाणी आहे का असं विचारायचंच नाही, तो हो म्हणणार. खालच्या किराणावाल्याला विचारायचं, मे महिन्यात टँकर येतो का. आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पवनेचं पाणी २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड सुरू झालं, तेव्हा तिकडं टाकी केवढी ते बघायचं. बाकी पिंपरी-चिंचवड हे पुण्यापेक्षा रस्त्यांनी मोकळं, निगडी प्राधिकरणासारखा भाग १९७२ पासून आखून केलेला, हिंजवडीला नोकरी असेल तर खरं तिकडंच राहावं, वाकड, रावेत, पुनावळे. गावापासून अर्धा-पाऊण तास लांब पडतं म्हणून सातारकर तिकडं जायला कुरकुरतो एवढंच.

नवी मुंबईत तसा कुरकुरत नाही कारण तिथं आपली माणसं आधीच जाऊन बसलीत. मुंबईला सातारा-पाटण-जावळीची माणसं गेली ती गिरणीत आणि गोदीत, डोक्यावर पोती वाहायला. माथाडींना एकत्र करणारे अण्णासाहेब पाटील आपल्या पाटणचेच, १९६९ ला माथाडी कायदा झाला तो त्याच लढ्यातून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, कित्येक माणसं गावाला परत आली. मसजिद बंदराकडचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले तशी माथाड्यांची वस्ती पण खाडीच्या इकडं आली, त्यामुळं कोपरखैरणे-घणसोलीत तुम्ही "कुठलं गाव" विचारलं तर उत्तर कराड नाहीतर मेढा असायची शक्यता भरपूर. मी चुलत्याच्या माथाडी खोलीतच राहिलो, पहिले सहा महिने भाडं शून्य. मुंबईत आपल्याला घाटी म्हणतात, म्हणू देत, पण त्या घाट्यानं दिलेल्या खोलीवर कितीजण उभे राहिले त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

भाड्याचा कागद दोन्हीकडं सारखाच: लिव्ह अँड लायसन्स, बहुतेक ११ महिन्यांचा, आणि तो रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे कायद्यानं सक्तीचं आहे, जबाबदारी मालकाची. नुसत्या स्टॅम्प पेपरवर सही घेणारा मालक भेटला तर निघून या. फरक डिपॉझिटच्या आणि खोलीच्या मापात आहे. पुण्यात जेवढ्यात वन बीएचके येतो तेवढ्यात मुंबईच्या मेन लाईनवर वन आरके मिळाला तर नशीब, घणसोली गावठाणातल्या बिल्डिंगीत बरं पडतं, पण तिथल्या बऱ्याच बांधकामांना परवानगी नाही, भाड्यानं राहायला चालून जाईल, विकत घ्यायला बिलकुल नको.

एक बारीक गोष्ट, जी एचआरवाले सांगत नाहीत. घरभाडं भत्त्यावर आयकराची सूट असते त्यात १९६२ च्या नियमांप्रमाणं, म्हणजे २०२६ च्या मार्चपर्यंत, पगाराच्या ५० टक्क्यांचा हिशोब फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या ४ शहरांना होता, बाकीच्यांना ४० टक्के, म्हणजे पुणं एवढं मोठं होऊनही त्या जुन्या नियमात पुणं आणि सातारा एकाच रांगेत होते! आणि तिथं शब्द मुंबई आहे, नवी मुंबई नाही, शिवाय बघतात घर कुठं आहे ते, ऑफिस कुठं ते नाही. ही सूट जुन्या करपद्धतीतच मिळते आणि नियम बदलत राहतात, तेव्हा जॉइन होताना अकाउंट्समध्ये विचारून घ्या.

हवेचं काय सांगू. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात साधारण ७०० च्या आसपास. उन्हाळ्यात मुंबईत घाम वाळत नाही आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, डोंगरातनं गेलेल्या माणसाला पहिलं वर्ष जड जातं. पुण्याची हवा आपल्या हवेच्या जवळची, रात्री गार. पण पूर दोन्हीकडं येतो, मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं आपल्या सातारा रोडच्याच कडेच्या सोसायट्यांत पाणी घातलं. तेव्हा ओढ्याच्या कडेचं तळमजल्याचं घर स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका. दवाखान्याचं म्हणाल तर मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची मोठी हॉस्पिटलं आहेत, गरिबाला तिथं खरंच आधार आहे, पुण्यात ससून सोडलं तर बहुतेक खिशावरच येतं.

राहता राहिला शनिवार. आमच्या ताईच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा मुद्दा हाच. सातारा-पुणे ११० किलोमीटर, सातारा-नवी मुंबई दोनशे तीस-चाळीस, आणि वाईट म्हणजे मुंबईवरून येणाऱ्याला एक्सप्रेसवे संपल्यावर पुण्याचं बायपासचं ट्रॅफिक फुकटात मिळतं, मग खेड शिवापूर, मग खंबाटकीचा घाट, शुक्रवारी रात्री घाटात ट्रक बंद पडला की झालं कल्याण. पुण्यात असला तर भाचा शनिवारी जेवायला घरी, रविवारी संध्याकाळी परत, ताईला वाटलं तर ती एसटीनं अर्ध्या तिकिटात डबा घेऊन जाऊ शकते, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. मुंबईत असला तर महिन्यातनं एकदा, आणि तो एकदाही थकून झोपण्यात जाणार. रेल्वेचा पर्याय आहे पण सातारा-पुणे लाईन वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी करत वळसा घेऊन जाते आणि स्टेशन तिकडं माहुलीला, त्यामुळं पुण्याला तरी आपण एसटीच धरतो. मुंबईला मात्र रात्रीची महालक्ष्मी बरी, झोपून जायचं.

मी भाच्याला निकाल सांगितलाच नाही. दोन सोमवार घाल म्हटलं. एका सोमवारी सकाळी साडेआठला धनकवडीतल्या मित्राच्या खोलीवरून बाईकनं हिंजवडी फेज थ्रीला जा, दुसऱ्या सोमवारी त्याच वेळेला घणसोलीवरून ऐरोली, आणि संध्याकाळी सहाला परत ये, दोन्ही दिवशी. गुगल मॅपवर बघून सांगू नको, मॅपला धूळ लागत नाही.

पोरगं गेलं खरंच. पहिल्या सोमवारी रात्री फोन आला, मामा, वाकडच्या पुलावर एक माणूस गाडीवर बसून वडापाव खात होता, गाडी बंद करून. दुसऱ्या सोमवारी फोन आलाच नाही, मी केला तर म्हणाला, सव्वासातलाच खोलीवर आलो, जेवून झोपलो होतो.

एक तारखेला ऐरोलीत जॉइन झालाय. ताई आठ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती, पण परवा तिनंच फोन केला, कोपरखैरण्यात आपले ते चुलत दीर होते त्यांचा नंबर आहे का रे तुझ्याकडं, आणि कुठल्या स्टेशनच्या कुठल्या बाजूला राहतात ते, ईस्ट का वेस्ट?